महालातलं लेबलाचं दुकान : दर जास्त, वेळ जास्त, पण रेघन्‌रेघेचा हिशेब

काम : पाकिटाच्या लेबलाचं डिझाइन आणि छपाई. ठिकाण : महाल, केळीबाग रोडच्या मागची गल्ली. खर्च : डिझाइनचे ६,५०० रुपये, छपाई वेगळी. दुकानाचं नाव लिहीत नाही, ती त्यांचीच अट. "आम्ही कोणाला काय नाही म्हटलं तेही लिहाल, तर नाव नका टाकू काकू. सगळी गिऱ्हाइकं गावातलीच आहेत." अट रास्त वाटली. ज्यांना खरंच जायचं आहे ते महालात दोन ठिकाणी विचारून पोचतील.

आमचा घरचा सावजी मसाला आहे. सासरी तांडापेठेत पिढ्यान्‌पिढ्या हातमाग होता. माग बंद पडले, मसाला राहिला. इतकी वर्षं ओळखीपाळखीत डब्याने विकला. आता शंभर ग्रॅमची पाकिटं करून इतवारीत किराणा ओळीत द्यायची ठरवली. तिथल्या ठोक व्यापाऱ्याने मसाला तळहातावर घेतला, वास घेतला, मान हलवली, आणि गल्ल्याखालून एका नावाजलेल्या कंपनीचं पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. "वहिनी, माल चांगला आहे. पाकीट असं करून आणा. एकदम असंच नाही, पण असंच. गिऱ्हाईक काही वाचत नाही जी. रंग पाहते अन्‌ उचलते."

"एकदम असंच नाही, पण असंच." नागपुरातल्या निम्म्या पाट्या, लग्नपत्रिका आणि मिठाईचे डबे याच एका वाक्यावर छापले जातात. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा कोणताही मुलगा पाचशे ते आठशे रुपयांत तासाभरात असं लेबल करून देतो. नमुना स्कॅन करायचा, रंग थोडा हलवायचा, नाव बदलायचं. मी दोघा-तिघांकडे दर विचारले होते, एकानेही डोळा वर करून पाहिलं नाही. महालातल्या या दुकानात मात्र ते पाकीट टेबलावर ठेवल्या ठेवल्या चर्चा सुरू झाली.

दुकान बाप-लेकीचं आहे. वडील जुने पेंटर. सिनेमाचे बोर्ड, दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती यात हात घासलेले. लेक उपयोजित कला शिकलेली, संगणकावरचं काम तिचं. जागा एवढीशी. एक कटिंगचं यंत्र, एक प्रिंटर, आणि भिंतीवर गिऱ्हाइकांनी आणलेल्या 'असंच करून द्या' नमुन्यांची रांगच लावलेली. त्यात लग्नपत्रिकाही आहेत आणि एका शिकवणीवर्गाचं पत्रकही.

मुलीने पाकीट हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला : "यातलं तुम्हाला नक्की काय आवडलं?" मी म्हटलं, मला काहीच आवडलं नाही, व्यापाऱ्याला आवडलं. ती हसली आणि पेन्सिलने कागदावर दोन रकाने पाडले. लाल रंग, मिरची, कढई, वाफ, 'झणझणीत' हा शब्द : हे कोणाच्याच बापाचं नाही, घ्या. पण हाच लाल, त्यावर तिरका पिवळा पट्टा, वरच्या कोपऱ्यात गोल शिक्का, शिक्क्यात पागोटेवाले आजोबा, खाली काळी पट्टी आणि तीत पांढरं अक्षर : ही सगळी मांडणी मिळून त्यांची. यातली एखादी गोष्ट घेतली तर कोणी काही म्हणणार नाही. सगळ्या घेतल्या आणि आजोबांच्या जागी आजी बसवली तर ती चोरी, मग आजी कितीही वेगळी काढा.

मी म्हटलं, पण आजी म्हणजे वेगळंच झालं की. तेव्हा तिने मला बिस्किटांचा खटला सांगितला. मला तो इतका आवडला की इथे सविस्तर लिहिते. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर पूर्वी शेतावरच्या अंगणाचं चित्र असायचं. मधोमध पाणी घेऊन चाललेली मुलगी, भोवती गायी आणि कोंबड्या. म्हैसूरच्या एका बिस्किटवाल्याने आपल्या वेष्टनावर तशीच मुलगी घेतली, पण तिच्या डोक्यावर गवताचा भारा दिला आणि हातात विळा. गायी-कोंबड्या त्याच्याकडेही होत्या, फक्त वेगळ्या तऱ्हेने काढलेल्या. खालच्या कोर्टांनी दोन्ही चित्रांतले फरक मोजले आणि पार्लेचा दावा फेटाळला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. दोन्ही वेष्टनं शेजारी ठेवून फरक मोजत बसायचं नसतं, असं कोर्टाचं म्हणणं. ज्याने एक पाकीट कधीतरी पाहिलंय आणि आता दुकानात दुसरं समोर आलंय, त्या साध्या माणसाची गफलत होईल का, एवढंच पाहायचं.

आता गंमत बघा. आमचा इतवारीचा व्यापारी आणि सुप्रीम कोर्ट अगदी एकच सांगतात : गिऱ्हाईक वाचत नाही, रंग पाहून उचलतं. व्यापाऱ्याला वाटतं म्हणूनच नक्कल करावी, कोर्टाला वाटतं म्हणूनच करू नये. नुसत्या रंगांवरूनही भांडणं झालेली आहेत. कोलगेटने दंतमंजनाच्या डब्याच्या लाल-पांढऱ्या रंगसंगतीवरून अँकर या दुसऱ्या दंतमंजनवाल्या कंपनीला दिल्ली हायकोर्टात खेचलं होतं आणि २००३ मध्ये मनाईहुकूम मिळवला होता. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "म्हणजे मिरचीला लाल रंगही विचारून लावायचा का?" तसं नाही. मिरचीला लाल लावाच. दुसऱ्याचा डबा वाटेल इतका त्याचाच लाल, तेवढ्याच भागात, त्याच जागी लावू नका.

कल्पना कोणाची नसते, ती मांडण्याची तऱ्हा असते, हेही तिने सांगितलं आणि त्यालाही एक खटला जोडला. आर. जी. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट, दोन्हींत विषय प्रांतीयतेचा. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की विषयावर मालकी नसते, आणि चित्रपटाची मांडणी नाटकापेक्षा पुरेशी वेगळी आहे, सबब नक्कल नाही. मुलीला हे खटले तोंडपाठ आहेत. माझ्या मते थोडे जास्तच. लेबल करायला आलेल्या बाईला एका बैठकीत इतकं कायद्याचं ज्ञान देऊ नये, चहा गार होतो.

आणि खुद्द त्यांच्या पाटीवर काय आहे, तर संत्र्याची फोड! नागपुरात संत्र्याशिवाय पाटी लावायला महानगरपालिका परवानगी देत नसावी. मी विचारलंच : "ही कोणाकडून घेतली?" पेंटरकाका म्हणाले, "संत्र्याले विचारलं होतं. हो म्हणालं."

या दुकानाचं खरं वैशिष्ट्य आता सांगते. डिझाइनच्या प्रूफसोबत, म्हणजे छपाईआधी दाखवायच्या नमुन्यासोबत, ते एक कागद जोडून देतात. त्यावर लेबलातली प्रत्येक गोष्ट कुठून आली ते लिहिलेलं असतं. माझ्या कागदावर असं होतं : कढईचं चित्र गिऱ्हाइकाच्या घरच्या कढईचा फोटो आम्हीच काढून त्यावरून रेखाटलं. मसाल्याचं नाव फॉन्टमध्ये नाही, पेंटरच्या हातचं अक्षर, मूळ कागद दुकानात जपून आहे. मागच्या बाजूचा बारीक मजकूर 'मुक्ता' या फॉन्टमध्ये, तो 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, मोकळ्या परवान्याचा, छपाईला कोणाला पैसे देणे नाही. लाल रंग गिऱ्हाइकाने आणलेल्या तिखटाशी जुळवला. मागचा रंग बिनब्लीच खाकी कागदाचा. किनार : करवती काठाच्या साडीवरून. या शेवटच्या ओळीवर आमचं भांडण झालं, ते पुढे येईल.

हा कागद किती उपयोगाचा, ते माझ्या पुतण्याच्या लेबलावरून कळेल. त्याने आधी मोबाईलवरच्या तयार साच्यांच्या अ‍ॅपवर एक लेबल करून दिलं होतं, फुकटात, दहा मिनिटांत. त्यात मिशीवाली मिरची होती, गॉगल लावलेली. पोराला भारी आवडलेली. तीच मिरची, तोच गॉगल, नंतर मला सक्करदऱ्याकडे एका मोमोच्या गाडीवर दिसली. पुतण्या म्हणाला त्याने आपली चोरली. चोरली कसली, त्यानेही त्याच अ‍ॅपवरून घेतली असणार. असल्या अ‍ॅपवरची चित्रं वापरायला मिळतात ती सगळ्यांना, एकट्याला नाही, म्हणून बहुतेक अ‍ॅपवाले त्यांच्या अटींतच लिहितात की यातलं चित्र तुमचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवू नका. पुतण्याने कोणाचीच नक्कल केली नव्हती. तरी ती मिरची आमची नव्हती. लेबल करून घेणाऱ्या नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगते.

फॉन्टचंही तसंच. आपल्याकडच्या छापखान्यांत चालणारे मराठी फॉन्ट कितीजणांनी विकत घेतलेले असतात, हे न विचारलेलं बरं. पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर फिरतात. लोगोची चोरी दिसते, फॉन्टची दिसत नाही, एवढाच फरक. आणि आता तर सबबही उरलेली नाही. मुक्ता, बलू, मोदक, यात्रा वन असे देखणे देवनागरी फॉन्ट मोकळ्या परवान्यावर फुकट मिळतात. यात्रा वन तर मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या अक्षरांवरून केलेला, आणि तसं उघड सांगितलेलं. मुलीने तो मला दाखवला तेव्हा काका खुर्चीतून म्हणाले, "आमच्यासारख्याच कोण्या पेंटरचं अक्षर असन ते. नाव कोणाले माहीत?" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण मुलगी गप्प झाली.

काकांशी बोलायला मिळतं हा या दुकानाचा वेगळा फायदा, बिलात न लावलेला. ते म्हणाले, "मी आयुष्यभर नकलाच केल्या न जी. कंपनीचा माणूस डबा आणून द्याचा, म्हणाचा असंच्या असं भिंतीवर पाह्यजे. जितकी हुबेहूब नक्कल, तितका चांगला पेंटर." त्यात लपवाछपवी नव्हती, हे त्यांनीच पुढे सांगितलं. ज्याचं चित्र त्याचाच पैसा, त्याचाच हुकूम. पेंटरने खाली कोपऱ्यात आपलं नाव टाकायचं ते फक्त अक्षर माझं आहे एवढ्यासाठी. नक्कल करणं हेच ज्यांचं कसब, त्या माणसाला चोरी कोणती आणि काम कोणतं हे पुस्तकाशिवाय कळतं. मला तरी त्यांचं म्हणणं मुलीच्या खटल्यांपेक्षा लवकर समजलं.

माझ्या मसाल्याच्या नावाचं अक्षर त्यांनीच काढलं. ब्रशने, आधी खडूने रेघ मारून. 'स'ची गाठ आणि काना असा काही घेतला आहे की तो मोबाईलवर शोधून सापडणार नाही. एकट्या या अक्षरासाठी मी या दुकानाला पूर्ण गुण दिले असते.

आता भांडण. मुलीने लेबलाच्या वर-खाली करवती काठाची किनार घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : विदर्भातली टसरची साडी, काठ सुती, आणि काठ जिथे साडीच्या अंगाला भेटतो तिथे करवतीच्या दात्यांसारखी त्रिकोणांची ओळ. ते दाते छापलेले नसतात, विणताना धोट्यांचे धागे एकमेकांत अडकवून हाताने काढलेले असतात. वेळखाऊ काम. त्या साडीला भौगोलिक मानांकनही आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या अस्सल मालालाच लावता येतं. लेबलावर ती ओळ फार शोभत होती, खरं सांगते. प्रूफ पाहून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "हे तं आपलंच आहे."

मी दुकानात जाऊन मुलीला म्हटलं, "तू मला व्यापाऱ्याचा तिरका पट्टा घेऊ देत नाहीस, आणि कोष्टी विणकरांचा काठ मात्र सरळ उचललास." ती म्हणाली, काकू, पारंपरिक नक्षीवर एका माणसाचा हक्क नसतो, मानांकन त्या साडीला आहे, त्रिकोणाला नाही, आणि तुम्ही तर त्याच घरातल्या. तिचं कायद्याने बरोबरच होतं. पण मी विचारलं, मग २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला पायात घालून मॉडेल चालवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता, तेव्हा आपण सगळे का ओरडलो? कोल्हापुरीला तर २०१९ पासून मानांकन आहे. मग ओरड झाल्यावर त्यांनीही मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या हाताने केलेल्या चपलांची होती. तुझी किनार आणि त्यांची चप्पल यात फरक काय?

ती जरा थांबली आणि म्हणाली, "फरक बिलाचा आहे, काकू." आम्ही दोघीही हसलो, पण मी मुद्दा सोडला नाही. मोठ्या कंपनीच्या पट्ट्याला पोलीस-वकील असतात म्हणून तो आपण जपून वगळतो. विणकराच्या काठाला कोणी वकील नसतो म्हणून तो 'परंपरा' होतो. माझं मत आहे की नक्कल ओळखताना पहिला प्रश्न हाच विचारावा : मी ज्याच्याकडून घेतलं तो मला जाब विचारू शकत नाही, म्हणून तर घेत नाही ना? या प्रश्नावर पुष्कळ 'एथनिक' डिझाइन नापास होईल. वारली चित्रं छापलेल्या कपबशा डोळ्यांसमोर आणा.

शेवटी किनार ठेवली. पण पाकिटाच्या मागे, पत्ता आणि वजनाच्या खाली, एक ओळ आली : 'किनार विदर्भातल्या विणकरांच्या करवती काठावरून.' आणि दाते मुलीने यंत्राने सारखे केले होते ते मोडून सासूबाईंच्या जुन्या साडीवरून पुन्हा काढले, थोडे उणे-अधिक, हाताने विणल्यासारखे. तिने याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. भांडल्यावर ऐकून घेणारा दुकानदार नागपुरात दुर्मीळ, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

याच चर्चेत तिने दीक्षाभूमीचा दाखला दिला, तो मात्र मला कोणत्याही खटल्यापेक्षा जास्त पटला. दीक्षाभूमीचा स्तूप सांचीवरून घेतला आहे, हे लहान पोरालाही दिसतं. कोणी लपवलेलं नाही, उलट सांची आठवावी हाच हेतू. पण सांचीचा स्तूप भरीव, बाहेरून प्रदक्षिणा घालायची. आपला आतून पोकळ, प्रचंड घुमटाखाली हजारो माणसं बसू शकतात. २००१ मध्ये तो खुला झाला. दोन हजार वर्षांपूर्वीचा आकार घेतला आणि ज्यांना शतकानुशतकं बाहेर ठेवलं गेलं त्यांना आत बसता येईल असा केला. इथे आकार उचललेला असला तरी गरज आपली आहे. माझ्या पुतण्याच्या गॉगलवाल्या मिरचीत नेमकी हीच गोष्ट नव्हती. ती कुठेही, कशावरही चालली असती.

मजकुराच्या बाबतीतही मुलगी कडक आहे. मला समोर मोठ्या अक्षरांत 'भिवापुरी मिरची' हवं होतं. तिने विचारलं, सगळी मिरची भिवापूरची घालता का? आम्ही थोडी घालतो, बाकी बाजारातली. मग नाही म्हणाली. भिवापूरच्या मिरचीलाही मानांकन आहे, आणि नसतं तरी ते खोटंच झालं असतं. मागे घटकांच्या यादीत आलं, तेवढंच. हिरवा ठिपका, अन्न परवान्याचा चौदा अंकी नंबर, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, तक्रारीचा फोन, हे तिने न सांगता मांडून घेतलं. हिरव्या ठिपक्यावरून घरात हशा झाला, कारण आमच्याकडे हा मसाला मटणाशिवाय कोणी पाहिलेला नाही. पण मसाला शाकाहारीच की.

कागदपत्रांबद्दल : काम संपल्यावर ते हस्तांतराचा लेखी कागद देतात. हा न मागता मिळाला आणि याचं मोल मला नंतर वकिलाकडे गेल्यावर कळलं. आपण पैसे दिले म्हणजे डिझाइन आपलं झालं, असं आपल्याला वाटतं. बाहेरच्या माणसाकडून काढून घेतलेल्या लोगोचा कॉपीराइट लिहून घेतल्याशिवाय बहुधा काढणाऱ्याकडेच राहतो. आणि लिहून घेतलं पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाचच वर्षं धरतो. यांच्या कागदात मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहिलेलं आहे. नावाचा ट्रेडमार्क मी वेगळा टाकला. मसाले तिसाव्या वर्गात येतात, माझ्यासारख्या एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये. ते काम हे दुकान करत नाही, वकील बघावा.

आता तक्रारी, कारण त्या आहेत आणि लहान नाहीत.

पहिली, रंग. प्रूफ चकचकीत कागदावर दाखवलं आणि छपाई मॅट लॅमिनेशनवर केली. माझा तिखटाशी जुळवलेला लाल आला विटकरी. ज्या रंगासाठी एवढा कागदोपत्री हिशेब केला, तोच नेमका बिघडला. मी माल परत नेला. त्यांनी अर्धा खर्च स्वतः सोसून पुन्हा छापून दिलं, अर्धा माझ्याकडून घेतला. माझ्या मते पूर्ण त्यांनी सोसायला हवा होता, प्रूफ त्याच कागदावर दाखवणं हे त्यांचं काम. जाणाऱ्यांनी आधीच बजावून सांगा : ज्यावर छापणार त्यावरच प्रूफ द्या.

दुसरी, वेळ. सांगितलेल्या तारखेला काम मिळेल असं धरून चालू नका. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात तर जाऊच नका, तेव्हा काका पुन्हा पाट्या रंगवायला बाहेर असतात आणि मुलगी एकटी.

तिसरी, बदल. दोनदाच फुकट बदलून देतात, तिसऱ्या वेळेपासून पाचशे रुपये. हे आधी सांगत नाहीत, बिलात दिसतं. चौथी, पार्किंग. महालात गाडी लावायची जागा शोधण्यापेक्षा चितार ओळीकडून चालत आलेलं बरं.

आणि एक खुसपट. ते नाही म्हणतात तेव्हा फार लांबण लावून नाही म्हणतात. माझ्यासमोर एक मुलगा लग्नपत्रिका घेऊन आला होता, एका प्रसिद्ध लग्नातल्या पत्रिकेसारखीच हवी होती. मुलीने त्याला समजवायला इतका वेळ घेतला की तो 'बरं पाहतो' म्हणून निघून गेला आणि बहुतेक शेजारच्या गल्लीत तीच पत्रिका छापून आला असेल. 'आम्ही हे करत नाही, तुमच्या दोघांचं काहीतरी सांगा, त्यावरून करू' एवढं दोन वाक्यांत सांगता येतं.

छपाईचा दर : खाकी पाऊचवर चिकटवायचं स्टिकर, लॅमिनेशनसह, हजार नग घेतले तर २ रुपये ८० पैसे एक. थेट छापलेलं पाऊच हवं असेल तर तिथे होत नाही. त्याला प्रत्येक रंगाचा सिलिंडर बनवावा लागतो आणि कमीत कमी मालाची अट असते, आमच्यासारख्या छोट्यांना परवडत नाही. स्टिकरच बरं. चिकटायला चांगलं आहे, फ्रीजमधून काढल्यावरही कोपरा सुटला नाही.

व्यापाऱ्याचं काय झालं तेही सांगायला हवं. पाकीट पाहून तो म्हणाला, "दिसते चांगलं, पण कोणासारखं दिसत नाही." त्याच्या भाषेत ही तक्रार होती. पहिला माल त्याने मधल्या फळीवर ठेवला, नावाजलेल्या पाकिटांपासून लांब, शेवया आणि पापडांच्या शेजारी. खप वाढला म्हणावं इतका वाढलेला नाही. पण नंदनवनातल्या एका खानावळवाल्याने दुसऱ्यांदा मागवताना नाव घेतलं नाही, 'त्या दातेवाल्या किनारीचं पाकीट द्या' म्हणाला, हे व्यापाऱ्यानेच मला सांगितलं, थोडं नाइलाजाने.

कोणी जावं : ज्यांना एकाच दुकानात नाही, वर्षानुवर्षं विकायचं आहे, नाव नोंदवायचं आहे, आणि पुढे कोणी नोटीस पाठवली तर दाखवायला कागद हवा आहे. कोणी जाऊ नये : ज्यांना परवा माल हवा आहे, किंवा नमुना हातात घेऊन 'असंच' म्हणायचं आहे. गुण पाचपैकी चार. एक रंगासाठी कापला. जाताना आपल्या घरची एखादी जुनी वस्तू, साडी, भांडं, आजोबांच्या हातची वही, काहीही सोबत न्या. मोबाईलमधले फोटो दाखवायला गेलात तर मुलगी पहिल्यांदा हेच विचारणार की हे कोणाचं आहे. सोमवारी बंद. रोख किंवा यूपीआय, कार्ड चालत नाही, आणि पक्कं बिल आधीच मागून ठेवा.